नव्वद शब्दांना झेपेल असा प्रोसेसर

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ११.

सकाळपासून शाळेतली टायपिंगची खोली डोळ्यांपुढे आहे. वरच्या मजल्यावरची, जिन्यापासून शेवटची. बारा मशीन आणि चोवीस मुली, म्हणजे दोघींत एक. आमच्या हातांवर सिस्टर पांढरा रुमाल टाकायच्या, कळा दिसू नयेत म्हणून, आणि लाकडी पट्टीने टेबलावर ताल धरायच्या. दुपारचं ऊन रुमालावर पडायचं आणि रुमालाखाली माझी बोटं पळायची. माझी पाळी संपली की मी खुर्ची सोडायचे आणि ती बसायची. ती म्हणजे खोडरबर. तिच्याकडे चाकासारखं गोल, टायपिंगचं खोडरबर होतं, मागे छोटा ब्रश असलेलं. एक ओळ टाइप करायची, दोन शब्द खोडायची, ब्रशने भुगा झाडायची, वर फुंकर मारायची. कागदाला भोक पडलं की त्यातून माझ्याकडे एका डोळ्याने बघायची. मी ते खोडरबर एकदाही मागितलं नाही. कधी लागलंच नाही.

हे सगळं आठवायचं कारण तिचा फोन. आवाज चार महिने बसलेलाच होता, आता डॉक्टरांनी निकाल दिला. १७ फेब्रुवारीला ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. नंतर बोलणं बंद. मला आश्चर्य वाटलं नाही. बत्तीस वर्षं आमच्याच ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावर बसून बाई बोलत राहिली, कधीतरी संपणारच.

तिला मुलीला एक पत्र लिहायचंय. तोंडावर सांगणं जमत नाही, आणि स्वतः लिहायला बसलं की चार ओळींत कागद फाडते, म्हणाली. माझ्या बोलण्याच्या वेगाने लिहून घेणारी तू एकटीच, मशीनगन. आवाज आहे तोवर ये.

मशीनगन हे माझं शाळेतलं नाव. मिनिटाला नव्वद शब्द. पुढे ऑफिसात मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर बसूनही तेवढाच वेग.

येते म्हटलं. अर्थात. फक्त आधी एक नीट लॅपटॉप घ्यायला हवा. घरचा कॉम्प्युटर भाच्याने दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला नेला तो नेलाच.

संकल्प: आठवड्यात लॅपटॉप. आठवड्यात पत्र.

८ जानेवारी, बुधवार.

हे म्हणाले, वही घे आणि पेन्सिल घे. तुला शॉर्टहँड येतं की.

पाणीपुरवठ्यात पस्तीस वर्षं मीटर वाचलेल्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा नाही. शॉर्टहँड ही नोकरीतली गोष्ट. नोकरी संपली. शिवाय हल्ली पेन्सिली इतक्या बारीक करतात की हातात ठरत नाहीत.

शांतपणे समजावून सांगितलं. टाइपरायटरमध्ये प्रत्येक अक्षराची एक दांडी असते. माझा वेग असा की एक दांडी परत जायच्या आत दुसरी वर यायची आणि दोन्ही एकमेकींत अडकायच्या. ऑफिसने माझ्यापायी तीन मशीन बदलली. मेकॅनिक म्हणायचा, बाई, जरा दमानं. मी दमानं घेतलं नाही, मशीन बदलली. लॅपटॉपमध्ये दांड्यांच्या जागी प्रोसेसर असतो. तो लेचापेचा निघाला की अक्षरं आतल्या आत अडकणार. खोडरबरचा आवाज मोजका उरलाय आणि मध्येच मशीन अडकलं तर जबाबदार कोण?

हे म्हणाले, हं.

चहाचा कप बशीत कलंडला. कपांचे कान हल्ली फार लहान करतात.

११ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ६.

दुकानात गेले. विक्रेत्याने टाय बांधलेला होता, गाठ कानाखाली. त्याला टायच म्हणू.

टायने विचारलं, यूज काय आहे मॅडम? मी म्हटलं, टायपिंग. त्याचा चेहराच पडला. मला कोपऱ्यात घेऊन गेला, जिथे पांढऱ्या प्लॅस्टिकचे लॅपटॉप ओळीने मांडले होते, हॉस्पिटलच्या ट्रेसारखे. म्हणाला, आय थ्री पुरेल. आरामात.

मी विचारलं, मिनिटाला नव्वद शब्दांनी अडकेल का? त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. हे छताकडे बघत होते. टाय म्हणाला, मॅडम, हा सेकंदाला अब्जावधी कामं करतो. मी म्हटलं, विकण्याआधी सगळे हेच म्हणतात. टाइपरायटरवालाही म्हणाला होता.

नमुन्याच्या लॅपटॉपवर दोन शब्द टाइप करून बघा म्हणाला. मी नाही म्हटलं. दुकानात, लोकांसमोर, उभ्याने. मी काय प्रदर्शनात बसलेय?

वस्तूची माहिती नसलेला माणूस वस्तू विकतोय. आपणच अभ्यास केला पाहिजे.

१५ जानेवारी, बुधवार.

बहिणीचा मुलगा आला. कॉम्प्युटरचं कळतं अशी त्याची घरात ख्याती आहे, कारण घरात बाकी कुणालाच कळत नाही. सोफ्यावर आडवा होऊन ज्ञान दिलं. मावशी, थ्री, फाइव्ह, सेव्हन बघून हुरळायचं नाही. जनरेशन बघ. नव्या जनरेशनचा फाइव्ह जुन्या सेव्हनला ऐकत नाही.

हे म्हणाले, घराघरात तसंच आहे.

मग शेवटचं अक्षर. यू असेल तर वीज कमी खातो, बॅटरी टिकते, थंड राहतो. एच असेल तर ताकद जास्त, पण तापतो आणि बॅटरी ढोसतो. म्हणाला, तुला यूवाला फाइव्ह घे, डोळे मिटून. आठ तास चालेल, आवाज नाही, वजन नाही.

बिस्किटांचा अख्खा पुडा संपवून गेला. डोळे मिटून घ्यायचं म्हणजे काय ते त्याच्या मार्कलिस्टवर आयुष्यभर पाहिलंय.

नोंद: ताकद कमी असलेलं काहीही माझ्या गळ्यात मारायचा सगळ्यांचा प्रयत्न आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार.

तुलनेसाठी वही काढली. रकाने: नाव, जनरेशन, कोअर, वेग, शेवटचं अक्षर, माझं मत. दुपारभर बसून सात प्रोसेसर लिहिले. संध्याकाळी हे वही उघडून म्हणाले, ही कोणती लिपी? चष्म्याचा नंबर वाढलाय त्यांचा.

सकाळी बँकेतही तोच प्रकार. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सही जुळत नाही, पुन्हा करा. पुन्हा केली. म्हणाली, आता पहिल्या सहीशीही जुळत नाही. मी तिला सांगितलं की बाळ, या सहीने मी साहेबांच्या वतीने पत्रं पाठवली आहेत. तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर तिच्याहूनही लहान.

बरणीचं झाकण उघडत नाही. हल्ली झाकणं मुद्दाम घट्ट करतात.

२० जानेवारी, सोमवार. दुपारी ४.

खोडरबरचा फोन. कधी येतेस?

मी कुठवर आलेय ते तिला सांगितलं. कोअर म्हणजे काय, हेही. प्रोसेसरच्या आत अनेक कारकून असतात, प्रत्येकाला कोअर म्हणतात, कामं वाटून घेतात. किती कारकून हवेत हा प्रश्न आहे. मग वेग, मग उष्णता. वीस मिनिटं सोप्या शब्दांत सांगत होते. ती मध्येमध्ये कोण, किती, बरं, म्हणत होती.

शेवटी म्हणाली, डॉक्टरांनी दिवसाला मोजकं बोलायला सांगितलंय. आजचं मी तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. ते तुझ्या कारकुनांवर गेलं. बरं, उद्या बोलू.

तांत्रिक विषयात तिला गती नाही. शाळेतही नव्हती. शिवणयंत्रात दोरा ओवायला तिला माझीच बोटं लागायची.

२५ जानेवारी, शनिवार.

पुन्हा दुकान. टायने मला पाहून आत काहीतरी शोधायला जायचा बहाणा केला. मी काउंटरवर वही ठेवून उभी राहिले. दहा मिनिटांनी आला.

निर्णय: आय सेव्हन. शेवटी एच. चौदा कोअर.

टाय म्हणाला, मॅडम, हे गेमिंगचं मशीन आहे. व्हिडिओ एडिटिंगवाले नेतात. तुमचं काम टायपिंगचं. मी म्हटलं, माझं टायपिंग तुम्ही पाहिलेलं नाही. हिशोब साधा आहे. बोटं दहा, कोअर चौदा. प्रत्येक बोटाला एक, वर चार राखीव.

त्यावर त्याने टायची गाठ कानाखालून पुढे ओढली.

निघताना मात्र मूर्खासारखं बोलून गेला की पुढच्या महिन्यात नवं जनरेशन येतंय.

३० जानेवारी, गुरुवार.

थांबायचं ठरवलं. नवं जनरेशन आल्यावर जुनं घेतल्याचा पश्चात्ताप मला नको.

हे म्हणाले, ऑपरेशन सतराला आहे. मला दिनदर्शिका वाचता येते. घाईत घेतलेल्या मशीनवर पत्र अर्धवट राहिलं तर ते तिच्या मुलीला देणार कोण, हे देणार?

हे म्हणाले, नाचता येईना... आणि मग चहाचा घोट घेतला. हा माणूस लग्नापासून वाक्य पूर्ण करत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार.

खोडरबरच्या मुलीचा फोन. मावशी, तुमचं आणि आईचं काय चाललंय? ती रोज विचारते, मशीनगनचा फोन आला का. मी विचारलं कशासाठी, तर म्हणते मावशी आली की होईल. आवाज अगदी गेलाय तिचा. मला काही सांगायचं असेल तर मलाच सांग म्हटलं, तर मान फिरवते. आमचं लहानपणापासून असंच आहे. बोर्डावर अख्ख्या जगाशी बोलायची, घरी आली की गप्प.

मी म्हटलं, तांत्रिक अडचण आहे. गुरुवारपर्यंत दूर होईल.

ती म्हणाली, तुमचा हात कसा आहे आता? आई विचारत होती.

कोणता हात? माझ्या हाताला काय धाड भरलीय? या मुलीला लहानपणापासून नको ते विचारायची सवय.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

घेतला. आय सेव्हन, एच, चौदा कोअर. नव्या जनरेशनची वाट पाहण्यात अर्थ नाही, ती येतच राहणार.

काळा आहे. कोपरे टोकदार. उघडला की कळांखाली सात रंगांचे दिवे पळतात, डावीकडून उजवीकडे. ते बंद कसे करायचे हे टायला ठाऊक नव्हतं. वजन अडीच किलो. चार्जर वेगळा, विटेएवढा. यांनी दुकानापासून रिक्षापर्यंत उचलून आणला आणि रिक्षात बसून मनगट चोळलं. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, काही नाही, पुष्कळ ताकदवान आहे.

सुरू केल्यावर पाच मिनिटांत आतला पंखा फिरू लागला. स्वयंपाकघरातून हे म्हणाले, कोणी केस वाळवतंय का?

ताकदीला आवाज असतो. मोठे साहेबही हळू बोलत नसत.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी १०.

सराव केला. मशीनमध्ये दोष आहेत.

एक, कळा फार हलक्या. बोट नुसतं जवळ गेलं की अक्षर उमटतं. एकाच्या जागी चार उमटतात. दोन, कळा जागच्या जागी नाहीत. तीन, दिवे. रंग पळताना बघून बोट बिचकतं.

इंटरनेटवर वेग मोजायचा मीटर असतो. मीटरप्रमाणे माझा वेग मिनिटाला सहा शब्द. त्यातले तीन चुकलेले. अर्थात मीटर चुकीचा आहे. यांना विचारलं, तुमच्या खात्यात मीटर बिघडायचे ना? म्हणाले, लोक तसं म्हणायचे खरं. बिल आल्यावर.

माझा अंदाज: प्रोसेसर वाजवीपेक्षा वेगवान आहे. माझ्या पुढे धावतो. कमकुवत प्रोसेसरची भीती होती, हे उलटंच झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार.

खोडरबरला फोन केला. खात्री पटावी म्हणून फोन टेबलावर ठेवून तिला टायपिंगचा आवाज ऐकवला.

ऑफिसात ती बोर्डावर बसल्या बसल्या आवाजावरून ओळखायची. वरच्या मजल्यावरून साहेबांचा फोन आला की मागे माझं मशीन ऐकू यायचं. जेवणाच्या सुट्टीत सांगायची, आज अकरा वाजता रागात टाइप करत होतीस, कुणी काय बोललं? बरोबर अकराच वाजलेले असायचे. रिकामटेकडे कान.

आज पाच मिनिटं ऐकलं. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, थांबलीस का?

नाही, म्हटलं. प्रोसेसर विचार करतोय.

मग म्हणाली, बरं. करू दे त्याला विचार.

शनिवारी तिच्याकडे जायचं ठरलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

सर्व्हिस सेंटर. तंत्रज्ञ सैल शर्टातला, जांभया देणारा. तक्रार सांगितली: प्रोसेसर पुढे धावतो. त्याने पडद्यावर कसलासा आलेख काढला. म्हणाला, आजी, तुम्ही टाइप करा, मी बघतो. केलं. म्हणाला, प्रोसेसर तीन टक्के काम करतोय. सत्त्याण्णव टक्के रिकामा बसलाय.

आजी म्हणाला हे सोडून देते. मुद्दा असा की चौदापैकी साडेतेरा कारकून बसून आहेत. मी ऑफिसात तीस वर्षं हेच पाहिलं. मी विचारलं, बाकीच्यांना कामाला कसं लावायचं? तो म्हणाला, त्यांना कामच नाहीये आजी, ते तुमची वाट बघतायत.

उद्धट. तक्रारवहीत लिहायला पेन मागितलं. मग लिहिलं नाही. पेन तसलंच, गुळगुळीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.

जे झालं ते असं.

अकराला पोचले. तिची मुलगी कामावर गेली होती. खोडरबरने खिडकीपाशी दोन खुर्च्या आणि मधे टेबल मांडलं होतं, शाळेतल्यासारखं. गळ्याला मफलर. बारीक झालीय. मी लॅपटॉप उघडला. दिवे पळाले. ती तोंडावर हात ठेवून हसली, आवाज न करता.

मग तिने सुरुवात केली. बाळ, तू सहा वर्षांची होतीस तेव्हा.

पंखा सुरू झाला. तिचा आवाज म्हणजे कागदावर कागद घासल्यासारखा, त्यावर हे विमान. तिला ओरडून बोलावं लागलं. ओरडली की खोकली. मी बाळ टाइप केलं. सहा टाइप करताना चार स उमटले. ते खोडताना बाळही गेलं. पुन्हा बाळ. ती थांबली. मी म्हटलं, बोल तू, बोल, मशीनची अडचण आहे. तिने दोन वाक्यं पुढे सांगितली, मग परत मागे येऊन तीच सांगितली, मग तिसऱ्यांदा. दर वेळी आवाज एक पायरी खाली.

चाळीस मिनिटांत दीड ओळ.

मग पडदा काळा झाला. बॅटरी संपली. एचवाले प्रोसेसर बॅटरी ढोसतात, हे भाच्याने सांगितलं होतं असं आता आठवतंय. चार्जर घरी होता, त्याचं वजन नको म्हणून.

खोडरबरने आपला तळहात माझ्या दोन्ही हातांवर ठेवला. रुमालासारखा. तो असेपर्यंत माझे हात हलत नव्हते. म्हणजे एरवी हलतात असं नाही.

राहू दे गं, म्हणाली. उद्या बघू.

मी म्हटलं, उद्या चार्जर आणते.

१६ फेब्रुवारी, रविवार.

गेले नाही. मान अवघडलीय. शिवाय लॅपटॉपने सकाळी आपणहून काहीतरी अपडेट करायला घेतलं, ते संपेचना.

तिचाच मेसेज आला. आज येऊ नकोस, मला काम आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कसलं काम? बरंच झालं. माझी काही चूक नाही. तिनेच नको म्हटलं.

यांनी बटणं लावून दिली, माझ्या स्वेटरची. न विचारता.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

सहा तास. नीट झालं म्हणतात.

तिची मुलगी बाकावर शेजारी बसली होती. विचारलं, मावशी, पत्र झालं का? मी म्हटलं, प्रोसेसर. पुढचं वाक्य सुचलं नाही. यांची सवय लागली असावी.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

भेटून आले. उशीला टेकून बसली होती, गळ्यापाशी नळी, मांडीवर पाटी. मला बघून पाटीवर लिहिलं: कारकून कसे आहेत? अक्षर अजून गिचमिड. लिहिलेलं हाताने पुसते, मग हात चादरीला.

दाराबाहेर मुलीने माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. म्हणाली, रविवारी दिवसभर आई दार लावून फोनवर रेकॉर्ड करत होती. मला बाहेर बसवलं. मावशीलाच दे म्हणाली, तू ऐकायचं नाहीस. ऐकलं नाहीये मी.

आणि माझ्याकडे बघत राहिली. सहा वर्षांची असताना बघायची तशी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.

लॅपटॉपवर लावलं. एक तास पन्नास मिनिटं. एवढं बोलली कधी?

बोलली नाहीये. एक वाक्य आणि मग काही नाही. नुसता श्वास, कपात चमचा फिरल्याचा आवाज, लांबचं एक हॉर्न. अर्ध्या-पाऊण मिनिटाने दुसरं वाक्य. पुन्हा काही नाही. मी ओळखलं. फाइल बिघडली किंवा प्रोसेसर अडकला. चौदा कोअर घेऊन ही गत. भाच्याला फोन लावायला उठले.

तेवढ्यात ती बोलली. मशीनगन, उठू नकोस. प्रोसेसर अडकलेला नाहीये. मी थांबलेय. कर टाइप.

बसले.

पुन्हा शांतता. मग बोर्डावरच्या जुन्या सुरात, जितका उरला होता तितक्या: होल्ड केलंय, मॅडम. सावकाश.

१ मार्च, शनिवार.

पत्र असं आहे. मुलगी सहा वर्षांची असताना शाळेतून आली की शेजारच्या घरून ऑफिसचा नंबर फिरवायची. बोलायची नाही. नुसती आईचा आवाज ऐकायची. खोडरबर श्वासावरून ओळखायची. पण मागे सुपरवायझर बाई उभी, घरचे फोन आले की मेमो. मग ती म्हणायची, राँग नंबर, आणि वायर काढायची. रोज. वर्षभर. मग एक दिवस फोन यायचे थांबले. त्याबद्दल ती मुलीशी कधी बोलली नाही. मुलगीही नाही.

यासाठी एवढी वर्षं लागली बाईला. एका पानाचं काम.

माझ्या टेबलापासून बोर्ड एक जिना खाली होता. मी रोज तिच्यासमोर बसून डबा खायचे. मला कधी कळलं नाही. मी मशीन किती अडकतं तेच सांगत असायचे.

१५ मार्च, शनिवार. दुपारी.

पूर्ण झालं. दीड पान, अठरा दिवस. दिवे बंद करायची कळ सापडली. पंखा चालू असतो, त्याची सवय झाली. यांनी एकदा विचारलं, मी करू का टाइप, तू वाचून दाखव. नाही म्हटलं. मीटर वाचणाऱ्यांनी मीटर वाचावा.

आज पुन्हा वेग मोजला. मिनिटाला चार शब्द. मीटर बरोबर आहे.

सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. हातासाठी. हे बरोबर येणार आहेत, बटणं लावायला.

शेवटचा भाग तिने सांगितला तसाच टाइप केला. चार ठिकाणी खोडलं.

“आता कोणाला काय ते. पत्राची पहिली प्रत माझ्या मुलीला. घडी घालून नाही, सरळ पाकिटात. बोर्डावरचा हेडफोन कपाटात वरच्या कप्प्यात आहे, तोही तिला. मी निवृत्त झाले त्या दिवशी पर्समध्ये घालून आणला, कंपनीला सांगू नकोस. हे रेकॉर्डिंग तिने पत्र वाचल्यावर आणि मागितलं तरच दे. मधल्या रिकाम्या जागा कापू नकोस. तेव्हा मी वायर काढायचे, आता बघ, काढली नाही हे तिला ऐकू दे. खिडकीतल्या कुंड्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना, त्या तशाही माझ्या नकळत पाणी घालतात. राखाडी मफलर तुझ्या ह्यांना, बिचारे फार ओझी उचलतात. दुसरी प्रत तू ठेव.

आणि माझं गोल खोडरबर, ब्रशसकट, टेबलाच्या डाव्या खणात आहे. ते मशीनगनला. शाळेत तिने कधी मागितलं नाही. न मागता द्या. मशीनगन, पडद्यावर चालत नाही हे मला माहीत आहे. नुसतं शेजारी ठेव, आणि भुगा झाडायला विसरू नकोस.”